बाराव्या घरातला माणूस

यंदा पुन्हा टँकर सुरू झाले. आमच्या गल्लीत तो सकाळी येतो आणि बायका घागरी, बादल्या, प्लास्टिकचे ड्रम घेऊन त्याच्या मागे धावतात. मी आता धावत नाही. शेजारची सून माझ्या वाटणीचं पाणी भरून ओट्यावर ठेवते. दुपार झाली की नांदेड गप्प होतं. पत्रे तडतडतात, पंखा गरम वारा फिरवत राहतो, रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा गटाराच्या कोरड्या पाटात जाऊन पडतं. अशा वेळी दाराची कडी वाजली की माझ्या छातीत अजून धस्स होतं.

दारात गिऱ्हाईक असतं, दुसरं कोण असणार? पुण्याला कंपनीत लागलेल्या मुलाचा फोन लागत नाही म्हणून कासावीस झालेली आई असते. बदलीसाठी हेलपाटे घालणारे मास्तर असतात. कधी नुसतीच एखादी मुलगी, जिला काय विचारायचं तेच ठाऊक नसतं. मी त्यांना बसवते, पाणी देते, जन्मवेळ विचारते. पत्रिका हल्ली संगणक मांडतो, माझं काम फक्त वाचायचं. पण दार उघडताना पहिल्यांदा मी माणसाच्या तोंडाकडे बघत नाही. त्याच्या पायाशी सावली आहे का, ते बघते. हसण्यासारखंच आहे हे. इतकी वर्षं लोकांना धीर देणाऱ्या बाईनं असं करावं, हे बरं नाही. पण एकदा भर वैशाखात, असल्याच दुपारी, एक मेलेला माणूस माझ्यासमोर येऊन बसला होता आणि माझ्या हातून पाणी प्याला होता.

लोक विचारतात, ताई, तुम्ही या विद्येकडे कशा वळलात? मी सांगते, मामांनी शिकवलं. ते खरंच आहे. पण शिकणं वेगळं आणि त्या जागेवर बसणं वेगळं. मी त्या जागेवर कशी बसले, ते सांगायचं तर मला लातूरचा तो दुष्काळ सांगावा लागतो.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. आधी उस्मानाबादेतलं एक मोठं तालुक्याचं गाव, आणि एकाएकी तिथं कलेक्टर आले, कचेऱ्या आल्या, खोल्या शोधत फिरणारे कारकून आले. गंजगोलाईच्या दुकानांवर रंगारी शिड्या लावून बसलेले असायचे. पाटीवरचं ‘जि. उस्मानाबाद’ खोडून ‘जि. लातूर’ लिहायचं काम चाललेलं. रंग स्वस्तातला, एकच हात मारलेला. ऊन तिरपं पडलं की नव्या अक्षरांच्या खालून जुनी अक्षरं दिसत. मला त्या पाट्या बघवत नसत. पुसलेलं नाव असं खालून वर बघत राहतं, हे मला तेव्हाच आवडलं नव्हतं.

आणि एवढा आनंद चाललेला असताना पाऊस मात्र नव्हता. एक पावसाळा नावापुरता होऊन गेला होता. ज्वारी कमरेएवढीसुद्धा वाढली नाही. शहराच्या चारी बाजूंनी बोअरच्या गाड्या घरघरत होत्या. जमीन भोसकून त्या आतली पांढरी भुकटी बाहेर फेकत, आणि ती भुकटी उडत उडत आमच्या खिडकीच्या गजांवर येऊन बसायची. पाणी लागलं की गाडीवाले फटाके लावत. फटाके फार क्वचित ऐकू यायचे.

मी लातूरला आले होते लग्नासाठी. माझ्या पत्रिकेत सातव्या घरात मंगळ, त्यामुळे नांदेडची स्थळं एकामागून एक परत गेली होती. आईला वाटलं, लातूर जिल्हा झालाय, नोकरीतली नवी मुलं तिथं आली असतील, मामांच्या ओळखीनं जमेल. मामी वारल्या होत्या. मामांना दोन वेळचं गरम मिळेल आणि माझं काम होईल, असा दुहेरी हिशेब. मामा शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. ज्योतिष ही त्यांची दुसरी नोकरी, खरी तीच. उंच, वाळके, डोक्यावर काळी टोपी. बोलताना डोळे मिटून घ्यायची सवय.

आल्यावर आठवड्याभरातच त्यांनी माझ्यासमोर पंचांग ठेवलं. ‘‘सुमे, तुझं गणित चांगलं आहे. हे शीक.’’

मी म्हटलं, ‘‘मला कशाला? माझ्याबद्दल काय लिहिलंय ते सगळ्या नांदेडाला पाठ झालंय.’’

‘‘म्हणूनच,’’ मामा म्हणाले. ‘‘ते दुसऱ्याकडून किती दिवस ऐकशील? तुझं तुला वाचता आलं पाहिजे.’’

मग स्वयंपाक आटोपला की मी कुंडल्या मांडायला बसायची. त्या काळी सगळं हातानं. लग्नरास काढायची, ग्रह बसवायचे, दशा मोजायच्या. मला ते आवडायला लागलं. बारा घरांत सगळा माणूस मावतो, याचं नवल वाटायचं. पहिलं घर आपलं स्वतःचं, चौथं आईचं, सातवं जोडीदाराचं, बारावं दूरच्या मुलखाचं. ज्यांना जन्मवेळ ठाऊक नसायची, आणि खेड्यातल्या कितीतरी लोकांना ती नसायचीच, त्यांच्यासाठी मामा प्रश्नकुंडली मांडायला सांगत. म्हणजे माणसानं प्रश्न विचारला त्या घटकेची कुंडली. भिंतीवरचं घड्याळ ते रोज रेडिओवर लावून घ्यायचे. मला म्हणायचे, ‘‘प्रश्न तोंडातून बाहेर पडला ती वेळ टिपायची. नंतर माणसं बोलतच राहतात, तिकडे लक्ष द्यायचं नाही.’’

बोअरला पाणी कुठं लागेल ते विचारायला कुणी आलं तर मामा हात जोडत. ‘‘पाण्यातलं मला कळत नाही, बाबा. पाणाड्याकडे जा.’’ कारकून विचारत, इकडं येऊ की उस्मानाबादलाच राहू? एक जण तर विचारायला आला की माझ्या मुलाच्या पत्रिकेत जन्माचा जिल्हा कुठला लिहू, जुना का नवा? मामा मनापासून हसले होते तेव्हा. त्यांचं ते हसणं मी नंतर फारसं ऐकलं नाही.

कार्तिकात एका सकाळी मुरूडकडून बहीणभाऊ आले. भाऊ ज्ञानोबा, डोक्याला टापर बांधलेला, मोठ्यानं बोलणारा. बहीण कौसल्या चौकटीला धरून बाहेरच उभी राहिली. माझ्याच वयाची. हातात हिरव्या बांगड्या, कपाळावर ठसठशीत कुंकू.

ज्ञानोबानं हकीकत सांगितली. कौसल्येचा नवरा निवृत्ती बोअरच्या गाडीवर मजूर म्हणून गेला होता. गाडी देगलूरकडं गेली, तिथून पुढं कुठं गेली ते कुणाला माहीत नाही. वर्ष झालं, त्याची खबर नाही. आणि आता देगलूरहून आलेला एक ट्रकवाला सांगत होता की तिकडं एक विहीर ढासळली, तिच्यातनं एक प्रेत काढलं, ओळखू येत नव्हतं, पण अंगात जो सदरा होता तो निवृत्तीचा. त्याचं वर्णन ऐकून निवृत्तीच्या भावानं दिवस घातले, तेरावा केला, गाव जेवलं. कौसल्येनं मात्र बांगड्या उतरवायला नकार दिला. सासरी वाद झाला, ती माहेरी आली.

‘‘औशाकडचं एक स्थळ हाय,’’ ज्ञानोबा म्हणाला. ‘‘बिजवर हाय, पर मानूस चांगला. आमच्यात पाट लागतो. ही म्हनती, न्हाई, त्यो येनार हाय. माजी बायको हिला रोज टाकून बोलती. दुष्काळाचं दिस, आमालाच खायला न्हाई. तुमी सांगा, बुवा. तुमी सांगाल ते ही ऐकंल.’’

मामांनी डोळे मिटले. ‘‘प्रश्न तिचा आहे. तिनं विचारला पाहिजे.’’

ती आत आली. बसली नाही. चौकटीपाशीच उभी राहिली. मी घड्याळाकडे बघत होते. मग ती इतकंच म्हणाली, ‘‘त्यो हाय का न्हाई, तेवढं सांगा.’’

मी वेळ टिपली आणि कुंडली मांडून मामांच्या समोर सरकवली. ती मांडतानाच मला ती वाचता येत होती. सातव्या घराचा मालक, म्हणजे तिचा नवरा, थेट बाराव्या घरात जाऊन बसलेला. दूर देशी गेलेला माणूस. आणि ज्या घरावरून जोडीदाराचा मृत्यू बघतात ते दुसरं घर स्वच्छ, त्यात गुरू निवांत बसलेला. इतकी सरळ कुंडली मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही पाहिली नाही.

मामांनी ती पाहिली. डोळे मिटले. उघडले, पुन्हा पाहिली. मग कागद पालथा घातला आणि कौसल्येकडे न बघता म्हणाले, ‘‘बाई, तू तुझं पुढचं बघ.’’

एवढंच. मेला म्हणून ते बोलले नाहीत. पण ज्ञानोबाला जे हवं होतं ते त्याला मिळालं, आणि कौसल्येलाही कळलं. ती रडली नाही. चौकटीला धरून ती खाली बसली, आणि तिच्या बांगड्यांचा लाकडावर नुसता एक बारीक आवाज झाला.

त्या संध्याकाळी मामा घड्याळाला किल्ली देत होते. मी विचारलं, ‘‘मामा, सप्तमेश बाराव्यात होता. म्हणजे परमुलूख ना?’’

‘‘हो.’’

‘‘आणि दुसरं घर स्वच्छ होतं.’’

‘‘होतं.’’

‘‘मग तुम्ही असं का सांगितलंत?’’

मामांनी किल्ली काढली, घड्याळाचं दार लावलं. ‘‘ती पोर वीस-बावीसची आहे, सुमे. भावजयीच्या दारात पडून राहिली आहे. सगळा मुलूख म्हणतोय, विहिरीतलं प्रेत तिच्या नवऱ्याचं. मी एकटा जर ‘आहे’ म्हणालो, तर माझ्या एका शब्दावर ती जन्मभर उंबऱ्यात बसून राहील. कुंडल्या किती वेळा चुकतात, ते मला ठाऊक आहे. भूक चुकत नाही.’’

‘‘आणि ही बरोबर असली तर?’’

‘‘तर तो आला असता. वर्ष झालं.’’

मला ते पटलं. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं सगळं कळल्यावर मामांना दोष देणं सोपं आहे. त्या दिवशी तिथं असलेल्या कुणालाही ते पटलं असतं. मार्गशीर्षात कौसल्येचा पाट लागला. फाल्गुनात ज्ञानोबा मुद्दाम सांगायला आला, बहिणीला दिवस गेलेत, माणूस चांगला आहे, तिला जपतो. येताना त्यानं वाळकाच्या फोडी आणल्या होत्या, वाळलेल्या, खारवलेल्या. मामा खूश झाले. मला म्हणाले, ‘‘बघ.’’

मग तो उन्हाळा आला.

त्या उन्हाळ्याची आठवण माझ्या अंगात वासासारखी राहिली आहे. तापलेल्या पत्र्याचा वास, ओल्या गोणपाटाचा वास, माठाच्या तळाशी उरलेल्या पाण्याला येणारा मातीचा वास. नळाला चार-चार दिवस पाणी नसे. लातूरच्या रस्त्यांवरून बैलगाड्यांवर लादलेली पिंपं फिरत. खेड्यांतून आलेली माणसं स्टँडच्या सावलीत बायकापोरांसह पडून राहत, कुठल्या गाडीत बसायचं ते न ठरवता. नव्या कलेक्टर कचेरीसमोर रोपं लावली होती, ती वाळून त्यांच्या काड्या झाल्या. माझ्यासाठी एक स्थळ आलं, पत्रिका घेऊन गेलं, आणि दोन दिवसांनी पत्रिका एका पोरासोबत परत आली.

अशाच एका दुपारी कडी वाजली. मामा चटईवर पडले होते. मी दार उघडलं. डोक्याला फडकं गुंडाळलेला, डावा पाय ओढत चालणारा एक माणूस उन्हात उभा होता. दाढी वाढलेली, गालाची हाडं वर आलेली.

‘‘ज्योतिषीबुवाचं घर हेच का?’’

मी त्याला आत घेतलं, तांब्या दिला. त्यानं तांब्या उंच धरून, तोंडाला न लावता, सावकाश सगळं पाणी घशात सोडलं. एक थेंब सांडला नाही. मामा उठून बसले. ‘‘काय विचारायचंय?’’

सवयीनं माझी नजर घड्याळाकडे गेली.

‘‘मी जिवंत हाय का न्हाई,’’ तो म्हणाला, ‘‘तेवढं बघा.’’

मामांना वाटलं, ऊन लागलंय. ते थोडं हसलेसुद्धा. ‘‘नाव काय तुझं?’’

‘‘निवृत्ती. मुरूडकडचा. बोअरच्या गाडीवर होतो.’’

मी दाराला टेकून उभी होते. बाहेरून बोअरची घरघर येत होती, तेवढीच.

तो काही रागानं बोलला नाही. दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट सांगावी तसा सांगत राहिला. गाडी देगलूरच्या पलीकडं गेली, तेलंगी मुलखात. तिथं पाइप निसटून पायावर पडला. निजामाबादच्या दवाखान्यात तो किती महिने होता, त्याला नीट सांगता येत नव्हतं. भाषा कळायची नाही. गाडी पुढं निघून गेली. दोन ट्रकवाल्यांच्या हाती त्यानं निरोप धाडला, तो पोचला नाही. विहिरीत जो मेला तो त्याच गाडीवरचा एक तमिळ पोरगा. ‘‘थंडीचं त्याला माजा सदरा दिला हुता मी,’’ निवृत्ती म्हणाला. ‘‘त्यो माज्याच सदऱ्यात मेला.’’

बरा झाल्यावर तो मुरूडला उतरला. गावात जायच्या आधी बाजारात एका बांगडीवालीजवळ बसला. म्हातारीनं त्याला ओळखलं नाही. तिनंच आपण होऊन सगळं सांगितलं. निवृत्ती कसा मेला, गाव कसं जेवलं, कौसल्या बांगड्या उतरवत नव्हती, लातूरच्या बुवानं सांगितलं तेव्हा कुठं उतरवल्या.

‘‘बुवा, मी भांडाय आलो न्हाई,’’ तो म्हणाला. ‘‘तिचं बरं हाय का?’’

मामांचा आवाज मी ओळखला नसता. ‘‘दिवस गेलेत तिला. पाचवा चालू आहे.’’

निवृत्तीनं डोक्याचं फडकं सोडलं, हातात घेतलं, पुन्हा गुंडाळायला लागला. बराच वेळ तो ते गुंडाळत होता. ‘‘मग मला मेलेलाच ऱ्हाऊ द्या,’’ तो म्हणाला. ‘‘मी हाय म्हनून कळलं आन् ती माघारी आली, तर त्या लेकराचं काय? आन् न्हाई आली, तर माजं काय?’’

‘‘तुझ्या भावाला तरी…’’

‘‘त्यानं माजा तेरावा केला, बुवा. गाव जेवलं. आता कुठल्या तोंडानं जाऊ?’’

हे म्हणताना तो हसला. ते हसू मला अजून दिसतं. मामा उठायला गेले. त्याचे पाय धरायचे होते की नुसता हात धरायचा होता, देव जाणे. धोतर पायात अडकलं, ते कलले, आणि निवृत्तीनंच पुढं होऊन त्यांना सावरलं, चटईवर बसवलं. एका म्हाताऱ्या माणसाला जपावं तसं. मग मामांनी कुणाला सांगणार नाही म्हणून त्याला शब्द दिला. निजामाबादजवळ बोधनच्या पुढं उसाच्या मळ्यावर राखणीचं काम मिळालंय, कालव्याला बारमाही पाणी आहे, असं काहीसं बोलत तो दाराबाहेर पडला. मी उंबऱ्यात उभी राहून बघत होते. तो पाय ओढत उन्हातून गेला. मी त्याच्या पायाशी बघत होते. सावली होती. आखूड, काळी, त्याच्यासारखीच लंगडत चाललेली.

त्या संध्याकाळी मामा जेवले नाहीत. अंधार पडल्यावर एकच वाक्य बोलले. ‘‘कुंडली बरोबर होती, सुमे.’’

मला तोवर या शास्त्राची गंमत वाटायची, कधी चीडही यायची. त्या दिवसापासून त्याची भीती वाटायला लागली. चुकली असती तर आम्ही दोघं हसून मोकळे झालो असतो, माणूस आला ही देवाची कृपा म्हटली असती. ती बरोबर होती. एका कागदावर, माझ्या अक्षरात, तो बाराव्या घरात जिवंत बसला होता, आणि इकडं त्याच्या नावाचा भात कावळ्यानं खाल्ला होता. मी पुढं हजारो पत्रिका वाचल्या. प्रत्येक बाराव्या घराशी मी थबकते. लोकांना वाटतं, ताई विचार करतायत. निवृत्तीनं प्रश्न विचारला तेव्हाचीही वेळ माझ्या लक्षात होती. तिची कुंडली मी कधी मांडली नाही.

मामांनी नंतर कुणाचं भविष्य पाहिलं नाही. आलेल्याला सांगत, ‘‘माझे डोळे गेले, ही बघेल,’’ आणि आतल्या खोलीत जाऊन बसत. डोळे ठणठणीत होते. लोक माझ्याकडे बघत, परकर-पोलक्यातून नुकतीच साडीत आलेली, लग्न न जमणारी, मंगळाची पोरगी. चुळबुळत उठून जात. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. वाटायचं, आईकडे निघून जावं, पंचांग बांधून ठेवावं.

मग दिवाळीच्या आगेमागे अचानक औशाकडच्या बायका यायला लागल्या. एक आली, मग तिची जाऊ, मग तिची शेजारीण. थेट माझ्यासमोर येऊन बसायच्या. म्हणायच्या, ‘‘कौसल्येनं धाडलं. म्हनली, बुवाकडं नगं, त्या पोरीकडं जा, ती खरं सांगती.’’ त्या बायकांनी मला ज्योतिषी केलं. पुढं काही वर्षांनी नांदेडच्या एका मास्तरांनी मला मागणी घातली, पत्रिका न मागता, आणि मी त्यांच्यासोबत नांदेडला आले. इथंही पहिली गिऱ्हाइकं लातूरकडचीच होती. मामा तोवर गेले होते. पाटी लागली, नाव झालं, दिवाळी अंकांत राशिभविष्य लिहून झालं. मास्तरही आता नाहीत. आणि ही सगळी इमारत ज्या एका दुपारवर उभी आहे, त्या दुपारी मी कुठलीही कुंडली पाहिली नव्हती.

दिवाळीच्या थोडं आधी, त्या दुपारी, कौसल्या बाळाला घेऊन आली होती. त्या पावसाळ्यातही पाऊस जेमतेमच झाला होता, पण हवेत थोडा ओलावा होता. नवरा तिच्यासोबत आला होता. पांढरं धोतर, हातात छत्री, शांत चेहऱ्याचा माणूस. तो वर आला नाही, समोरच्या लिंबाखाली थांबला. मामांनी तिचा आवाज ऐकला आणि आतलं दार लोटून घेतलं.

तिला बाळाची पत्रिका करायची होती. मुलगा होता, टोपडं घातलेला, झोपलेला. मी वेळ विचारली, लिहून घेतली. ती उठेना. बाळाला मांडीवर थोपटत राहिली.

‘‘बाई, एक विचारू? ह्या मानसाचं न्हाई. पयल्याचं.’’

मी मान हलवली.

‘‘त्यो सपनात येतो. बोलत न्हाई. दारात हुबा ऱ्हातो, ओठ सुकल्याले. मी तांब्या भरून न्हेती तर त्यो नसतो. सासू म्हनती, त्याचा जीव तहानंला हाय, त्याच्या नावानं पानी सोड, म्हंजी सुटंल. पुढच्या अवसंला नदीवर जानार हाय मी. त्याचा जीव कुठं आडकलाय का, तेवढं बघ.’’

मी कागद पुढं ओढला. पेन्सिल हातात घेतली. आतल्या दारामागे मामा श्वास रोखून बसले असणार, हे मला कळत होतं. त्यांनी शब्द दिला होता. मी नव्हता दिला, पण मी तिथं होते. समोर ही, खाली लिंबाखाली छत्री घेऊन थांबलेला तो, मांडीवर हे. मी काहीही सांगू शकत होते. शांती कर, नारळ वाहा, सुटेल. मामांच्या जागी बसलेल्या कुणीही तेच सांगितलं असतं आणि ते चूक नसतं. पण तो तांब्या उंच धरून पाणी पिणारा माणूस माझ्या डोळ्यांपुढून हलेना. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘त्याला पाणी मिळालंय, कौसल्ये.’’

तिचा थोपटणारा हात थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं, मग लोटलेल्या दाराकडे, मग माझ्यासमोरच्या कोऱ्या कागदाकडे. त्यावर एक रेघसुद्धा नव्हती.

‘‘कुठं?’’ तिनं विचारलं.

मेलेल्या माणसाबद्दल कुणी कुठं म्हणून विचारत नाही. तिला ते कळत होतं. मला कळलं की तिला कळतंय.

‘‘बोधनच्या पुढं,’’ मी म्हटलं. ‘‘कालवा आहे तिथं. बारमाही.’’

बाळ कुरकुरलं. तिनं त्याला उचलून खांद्यावर घेतलं, टोपडं सारखं केलं. तिचा चेहरा बाळाच्या पाठीआड गेला आणि बराच वेळ तिथंच राहिला. खालून नवऱ्यानं हाक मारली, ‘‘झालं का गं? गाडीची येळ झाली.’’

‘‘आले,’’ ती म्हणाली. उठली, पदर घेतला, चपला पायात सरकवल्या. पायरीवर थांबून माझ्याकडे न वळता तिनं विचारलं, ‘‘येकलाच हाय?’’

‘‘एकटाच.’’

‘‘बरं,’’ ती म्हणाली. ‘‘मग मी पानी सोडनार न्हाई.’’

आणि ती पायऱ्या उतरून लिंबाखाली गेली. त्यानं छत्री उघडून बाळावर धरली.